बेडूक शक्यतो मोठे असावेत

जीवशास्त्र शिक्षकांच्या आमच्या संघटनेचं अध्यक्षपद मला मिळालं ते कर्तृत्वावर नव्हे, असोद्याच्या ओळखीवर. जळगाव आणि धुळे असे दोन जिल्हे मिळून ही संघटना. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणारे आम्ही सगळे तिचे सभासद. बाहेरच्यांना वाटायचं, अध्यक्ष म्हणजे हारतुरे आणि भाषणं. खरं काम एकच होतं. फेब्रुवारीत बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येक कॉलेजात जिवंत बेडूक वेळेवर पोचले पाहिजेत.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा दर विद्यार्थ्यामागे एक बेडूक लागे, आणि खानदेशात फेब्रुवारीत बेडूक मिळणं म्हणजे उंबराचं फूल मिळणं. नद्या कोरड्या, जमीन भेगाळलेली. ओल असायची ती फक्त केळीच्या बागांत, पाटाच्या कडेला. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांची असोद्याला अशी बाग होती. गाव त्यांना आबा म्हणे, मीही आबाच म्हणू लागले. त्यांनी मला बागेतून बेडूक नेऊ दिले आणि ही बातमी धुळ्याच्या वार्षिक सभेत फुटली. त्याच सभेत एकमतानं मी अध्यक्ष. आधी कधी कुठल्या पदासाठी बाईचं नाव कुणाला सुचलं नव्हतं. बेडूक वाहायचे म्हटल्यावर पटकन सुचलं.

मी चिडले नाही असं नाही. पण हौसही वाटली, खोटं कशाला बोलू?

मग दर फेब्रुवारीत तोच थाट. सकाळच्या बसनं असोद्याला जायचं. आबांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, पाटाच्या कडेची माती उकरून बेडूक काढून ठेवी. ओल्या बारदानात ते भरायचे, तोंड सैलसर बांधायचं, वरून पाणी मारत राहायचं. एक पोतं रेल्वेनं चाळीसगावला, एक वरणगावच्या सरांच्या हवाली आणि सगळ्यात मोठं माझ्याबरोबर एस.टी.नं धुळ्याला. एकदा पारोळ्याच्या पुढे पोत्याची गाठ सुटली. पुढच्या बाकावरच्या आजीबाईंच्या पिशवीत एक बेडूक, ड्रायव्हरच्या पायाशी दुसरा. अख्खी गाडी बाकांवर चढली. मी पदर खोचून बाकांखाली शिरले आणि एकेक पकडून आणला. कंडक्टर शांतपणे म्हणाला, "बाई, बठ्ठास्नं तिकीट काढनं पडी." सगळ्या बेडकांचं तिकीट काढावं लागेल म्हणे. घरी आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "लोकांच्या बायका बाजारातून भाजी आणतात, आमची बेडूक आणते." पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना माझी ओळख याच वाक्यानं व्हायची.

मागणीचा छापील तक्ता असे. डिसेंबरात मी स्वतः स्टेन्सिल कापून तो सगळ्या कॉलेजांना पाठवी. त्याच्या तळाशी माझ्याच अक्षरातली एक ओळ होती: बेडूक शक्यतो मोठे असावेत. सालदारालाही मी तेच बजावून ठेवलं होतं. कारण साधं होतं. लहान बेडकाच्या नसा मुलांच्या हातून तुटतात, मोठ्यात सगळं ठसठशीत दिसतं. पोट उघडलं की काळसर दाण्यांनी गच्च भरलेले अंडाशय दिसायचे आणि मुलं "अबब" म्हणायची. मला त्या "अबब"चा अभिमान वाटे, जणू ती अंडी मीच घातली होती.

माझ्या अध्यक्षपदाच्या तिसऱ्या वर्षी मला सातवा महिना होता. घरचे नको-नको म्हणत होते, पण मी हट्टी. दुसरं कुणी गेलं तर आबा बागेत पाऊल ठेवू देणार नाहीत, असं सांगून गेले. आबांच्या घरच्यांना, म्हणजे अक्कांना, मला बघून कोण आनंद झाला. पोत्यांचं राहिलं बाजूला. त्यांनी मला पाटावर बसवलं, हळद-कुंकू लावलं आणि ओटी भरली. गहू, नारळ, खण आणि वर बागेतल्या केळ्यांची मोठी फणी. ती पदरात मावेना तेव्हा हसत म्हणाल्या, "मावू द्या, मावू द्या, घर भरेल राहू द्या."

आबा ओट्यावर बसून हे पाहत होते. मी ओटी सावरत बाहेर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, एक गोठ इचारू का? राग नका मानू."

"विचारा ना, आबा."

"तुमी मोठ्ठे मोठ्ठे बेंडकं नेता. ते बठ्ठ्या माद्या राह्यतात. पोटात अंडे घेऊन बसेल राह्यतात. आमी तं गाभनी गायीले काठीबी नाही मारत. तुमी शिकेल-सवरेल मानसं, त्याइलेच कायले नेता?"

माझ्या पदरात ओटी होती. बेडकाची मादी नरापेक्षा मोठी असते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आले होते आणि डिसेंबरात स्टेन्सिलवर लिहीत होते, बेडूक शक्यतो मोठे असावेत. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून बघावीत, हे ना मला सुचलं ना दोन जिल्ह्यांतल्या इतक्या पदवीधरांना. दर वर्षी पावसाळ्याच्या आधी आम्ही त्या बागेतल्या अंडी घालणाऱ्या माद्या निवडून निवडून नेत होतो. लाज वाटली. अंगभर वाटली.

"औंदा लहाने न्या," आबा म्हणाले. "माद्या राहू द्या. दोन वर्सं झाली, पावसाळ्यात आवाज कमी येऊ राह्यला."

मी शब्द दिला. अगदी ओटीवर हात ठेवून दिला.

आणि त्याच दुपारी तो मोडला. लहान बेडकांत अर्धंही पोतं भरेना. धुळ्याची परीक्षा परवावर आलेली, चाळीसगावची गाडी संध्याकाळची. सालदार माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. आबा जेवून आडवे झाले होते. मी हळूच म्हटलं, "जाऊ द्या, मिळतील ते भरा, मोठेही." त्यानं भरले. मी पोत्यांवर पाणी मारलं, केळीची फणी पिशवीत टाकली आणि आबा उठायच्या आत बस पकडली. माझ्याइतकं वेळेवर काम करणारा अध्यक्ष संघटनेला मिळाला नव्हता, असं त्या वर्षी सगळे म्हणाले.

एप्रिलात मला मुलगी झाली. आषाढात, पाऊस चांगला लागून गेल्यावर, बाळ दाखवायला असोद्याला गेले. अक्कांनी बाळाची दृष्ट काढली. आबांनी तिला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "चला, इले बाग दाखोतो." दिवस मावळायला आला होता. पाटाला पाणी तुडुंब, खड्डे भरलेले. एरवी अशा वेळी त्या बागेत बेडकांच्या आवाजापुढे शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. आबा पाटाच्या कडेला थांबले. आम्ही सगळे उभे राहिलो. दूर कुणाच्या तरी मळ्यात इंजिन चालू होतं, त्याचाच तेवढा आवाज.

ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. बाळाला म्हणाले, "तुले आवाज ऐकवाव म्हटलं, पोरी. पन कोनीच बोलत नाही."

फवारणी त्या वर्षांत वाढली होती हे खरं. सगळाच दोष आमच्या पोत्यांचा नसेल. घरी येताना बसमध्ये मी स्वतःला हेच समजावत होते आणि ते पटत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात धुळ्याला संघटनेची सभा होती. मी ठराव मांडला की यापुढे माद्या आणायच्या नाहीत आणि दर मुलामागे एक बेडूक ही पद्धत बदलावी म्हणून बोर्डाकडे निवेदन द्यायचं. एक ज्येष्ठ सर, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, मिशीत हसले. "बाळंतपणानंतर बायकांचं मन हळवं होतं, बाई. वर्षभरात निवळेल."

माझा पारा चढला. "नाना, मन हळवं आत्ता झालंय. फेब्रुवारीत ते कुठे शेण खायला गेलं होतं ते विचारा!" आणि मग सगळं सांगून टाकलं. ओटी, दिलेला शब्द, मोडलेला शब्द, ती गप्प बाग. मी खाली बसले. वाटलं, गेलं अध्यक्षपद, बरंच झालं.

मग नानाच उठले. त्यांनी चष्मा पुसला. "आमना गावना तलावमा अजून बेंडकं शेतस," ते म्हणाले. अधिकृत सभेत अहिराणीत बोलणं त्यांच्या शिस्तीत बसत नसे, पण त्या दिवशी बोलले. "मी दोन लई येस."

आपल्या तलावातले दोन घेऊन येतो, असं नानांनी म्हटल्यावर इतरांनाही आपापली डबकी आठवली. ठराव मंजूर झालाच, पण त्याच्याखाली एक ओळ वाढली: प्रत्येक सभासदानं आपल्या गावचे दोन बेडूक, एक नर आणि एक मादी, घेऊन असोद्याला यावं. इतिवृत्तात ही ओळ मीच लिहिली आणि कंसात लिहिलं, मादी शक्यतो मोठी असावी.

श्रावणातल्या एका रविवारी आले सगळे. चाळीसगावचे सर रेल्वेनं, दुधाच्या किटलीत ओलं शेवाळ घालून. वरणगावचे सर स्कूटरवरून, पायाशी बादली आणि तिच्यावर फडकं. एका मॅडमनी जेवणाच्या डब्यातून आणले होते. त्या डब्याचं पुढे काय झालं कुणी विचारलं नाही. नाना धुळ्याहून एस.टी.नं आले, मांडीवर पिशवी धरून. कंडक्टरनं पिशवी उघडायला लावली का, असं मी विचारलं तर म्हणाले, "तुमचं नाव सांगितलं. सोडलं त्यानं." आजकालचे तज्ज्ञ ऐकतील तर आम्हाला रागावतील, इकडचा प्राणी तिकडे असा नेऊन सोडू नये म्हणतील. त्यांचं बरोबरच आहे. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं होतं.

पाटाच्या कडेला ओळीनं उकिडवे बसून आम्ही बेडूक सोडले. पाच-दहा वर्षं ज्यांची पोटं फाडायला शिकवलं, त्यांना हातातून हळूच पाण्यात जाऊ देताना काही जण विनाकारण घसा खाकरत होते. अक्कांनी सगळ्यांना शेवभाजी वाढली. आबा मधूनच उठून पाटापर्यंत जाऊन येत. काही ऐकू आलं का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या पावसाळ्यात काही ऐकू आलं नाही. हिवाळा गेला. फेब्रुवारीत मी असोद्याला गेले नाही. मिळाले तेवढे लहान बेडूक दुसरीकडून आणले आणि बाकी मुलांना एकाच ट्रेभोवती उभं केलं. परीक्षक कुरकुरले, कुरकुरू दिलं. मे महिन्यात माझी मुदत संपली आणि धुळ्याच्या एका सरांनी काम हाती घेतलं. मी त्यांना स्टेन्सिल दिलं, तळाची ओळ खोडून.

जुलैत कॉलेजच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. आबांना लिहिता येत नसे. कुणाकडून तरी जसंच्या तसं लिहवून घेतलं होतं. वर फक्त असोदे, खाली अंगठा. मधे दोन ओळी.

"बाई, काल एक बोलला. पोरीले घेऊन या."