विहीणबाईंचा रनिंग बॅक

आमच्या विहीणबाईंनी माझ्यावर जेवढा अन्याय केला आहे तेवढा ह्या पृथ्वीतलावर कोणी कोणावर केला नसेल. त्या सगळ्यांना आवडतात. मुलगा माझा, पण 'मावशी, मावशी' करत फिरायचा त्यांच्यामागे. नवरा माझा; माझ्या विनोदावर उभ्या संसारात ज्याची मिशी हलली नाही, तो त्यांच्या "काय इंजिनिअरसाहेब, गुडघे काय म्हणतात?" एवढ्याशा चौकशीवर पोट धरून हसायचा. नात रेवा दोघींची सारखीच, पण शाळेतून आली की दप्तर माझ्याकडे टाकायची आणि बातम्या त्यांना सांगायला वरच्या मजल्यावर पळायची. सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या ह्या इमारतीत विहीणबाई न आवडणारं एक माणूस दाखवा. मी आहे म्हणता? छे हो. तेच तर खरं दुखणं आहे.

ओळख आमची मुलांच्या लग्नाच्या कितीतरी आधीची. मी नवी नवरी म्हणून खोबरला उतरले तेव्हा त्या एका मोठ्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात नर्स होत्या. यजमान लवकर गेलेले, तान्ही मुलगी नाशिकला भावाकडे ठेवलेली. पुढे तिला इकडे आणलं, आणि तीच आता माझी सूनबाई. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, संध्याकाळी बायकांच्या घोळक्यात बसून मी सुस्कारा टाकायची, "बिचारी हो! बाईमाणसाला परमुलखात नोकरी करावी लागते." आणि घरी येऊन आरशासमोर स्वतःला विचारायची की ह्या बिचारीचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, स्वतःच्या नावावर, पगार स्वतःच्या हातात, न्यायला-आणायला इस्पितळाची बस, आणि मी सुखी बाई, माझा इकामा नवऱ्याच्या शेपटाला बांधलेला, कोथिंबीर आणायची तरी त्याची वाट बघायची! पण असं काही मनात आलं की मी लगेच चकल्या करायला घ्यायची. त्या काळात आमच्या घरी चकल्यांना कधी तोटा नव्हता.

इथे बायकांना गाडी चालवायची मोकळीक मिळाली तेव्हा मी चार दिवस विचार करत बसले, आणि विहीणबाई तेवढ्यात शिकवणीला नाव घालून आल्या. पुढे त्या चालवायच्या, मी शेजारी बसायची, आणि मागच्या सीटवरून आमचे हे म्हणायचे, "वा! काय वळण घेतलंत!" ह्या माणसाबरोबर मी आयुष्याची एवढी वळणं घेतली, एकदाही 'वा' निघालं नाही.

पण ह्या सगळ्यावर ताण म्हणजे त्यांचा फुटबॉल. आपला नव्हे, अमेरिकनांचा. त्याला फुटबॉल का म्हणतात ते त्या अमेरिकनांनाच ठाऊक, कारण पायाचा संबंध फक्त मोडण्यापुरता. विहीणबाईंच्या वॉर्डात तेल कंपनीतले अमेरिकन पेशंट असत, पाय टांगून दिवसदिवस टीव्ही बघत पडलेले. त्यांची सलाईनं बदलता बदलता ह्यांना ते वेड लागलं. त्यामुळे बाकीची दुनिया चेंडूकडे बघते तेव्हा ह्या गुडघ्यांकडे बघतात. "तो लांबडा बघा, डावा पाय टाकताना कचरतोय. बसणार हा." पुढच्या महिन्यात तो खरंच बसतो, आणि माझा मुलगा त्यांच्याकडे असा बघतो जसं माझ्याकडे दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं.

त्यातही त्यांचा जीव एका रनिंग बॅकवर. रनिंग बॅक म्हणजे काय ते त्यांनी मला समजावलं ते असं: "समजा, मांडवाच्या दारात अकरा आडदांड वऱ्हाडी अडवून उभे आहेत, आणि एका करवल्याला तुपाची तपेली पोटाशी धरून त्यांच्यामधूनच पलीकडे जायचंय. तूप सांडायचं नाही. तो करवला म्हणजे रनिंग बॅक." ह्या करवल्याला त्या 'आमचा मुलगा' म्हणतात. त्याच्या नावाची जर्सी काळ्या पायघोळ अबायाच्या आत घालायच्या. आमच्याकडे आल्या की अबाया काढून खुंटीला लावायच्या, आणि साठीची बाई भल्यामोठ्या आकड्याखाली सलवार घालून माझ्या सोफ्यावर मांडी ठोकायची. मी एकदा म्हटलं, "विहीणबाई, लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "लोक म्हणतील, आकडा शोभतो."

तर गेल्या उन्हाळ्यात ह्या पोरानं सरावाला जायचं नाकारलं. करार वाढवून द्या, नाहीतर मैदानात पाय ठेवणार नाही. बाहेर खोबरचा ऑगस्ट, दाराची कडी उघडायची तर फडकं घ्यावं लागतं. सगळे जण एसीखाली कोंडलेले. शुक्रवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात ह्या प्रश्नावर जी सभा भरली, तशी आमच्या मुलाचं लग्न ठरवतानासुद्धा भरली नव्हती. खालच्या मजल्यावरचे परकारभाई खास त्यासाठी वर आले. मूळचे रत्नागिरीकडचे, इथे त्यांचं टायरचं दुकान आहे, आणि मालकाच्या बाजूनं बोलायचा हक्क आपलाच असं त्यांचं म्हणणं.

"अवो ताई, करार म्हंजे करार," परकारभाई म्हणाले. "उद्या माझा मेकॅनिक बोलला, वाढवून द्या नायतर टायर बदलणार नाय, तर मी काय करायचं?"

"तुमचा मेकॅनिक टायर बदलतो, भाई," विहीणबाई म्हणाल्या. "ह्या पोराचं अंगच टायर आहे. झिजलं की ते बदलता येत नाही."

"पण सही केलीय त्यानं," आमचे हे म्हणाले. "मुदत संपायची आहे अजून."

"मुदत संपेपर्यंत गुडघा संपला तर?"

मुलगा बाजू घेऊन उठलाच. "मावशींचं बरोबर आहे, बाबा. आज मागितलं नाही तर कधीच मिळणार नाही. माणसानं आपली किंमत ओळखून अडून बसायला पाहिजे." आणि मोबाइलवरून चाहत्यांच्या शिव्या वाचून दाखवायला लागला. निम्मे त्याला हावरट म्हणत होते, निम्मे मालकाला.

रेवा कंटाळून म्हणाली, "ही इज बीइंग सो ड्रामॅटिक, आजी." आजी म्हणून बघितलं त्यांच्याकडे. मी शेजारीच शेंगा सोलत होते.

"ड्रामॅटिक नाही गं, हा वरमाईचा रुसवा," विहीणबाई म्हणाल्या. "लग्नात मुलाची आई रुसते. सगळं अडवून बसते. मग मुलीकडच्यांनी तिची समजूत काढायची. तुझ्या ह्या आजीनं काय केलं होतं, माहितीये?"

सगळ्या सभेला माहीत होतं, तरी सगळ्या सभेनं कान टवकारले. रीतीप्रमाणे मुलीच्या आईनं वरमाईचे पाय धुवायचे असतात. मी पाटावर बसलेली, नाकात नथ, मागे आख्खं वऱ्हाड. जन्मभर जिच्यावर जळले ती बाई माझ्या पायाशी. असा सोहळा मला पुन्हा मिळणार नव्हता. विहीणबाईंनी पाय ताम्हणात घेतला, पाणी घातलं आणि घोट्यावर अंगठा दाबून वरच्या आवाजात म्हणाल्या, "सूज आहे. मीठ कमी करा." मी तशीच ओल्या पायांनी उठून जानवशाच्या खोलीत जाऊन बसले आणि पंगतीला उतरायला नकार दिला. काय तो माझा तोरा! भुकेनं पोटात कावळे ओरडतायत, खालून जिलेबीचा वास येतोय, आणि मी भिंतीकडे तोंड करून मानी. शेवटी त्याच आल्या समजूत काढायला. एका हातात पैठणी, दुसऱ्या हातात क्रेप बँडेज.

"दोन्ही घेतलं हो ह्यांनी!" विहीणबाई म्हणाल्या, आणि परकारभाईंच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत सगळे हसले. रेवा तर सोफ्यावरून खाली पडली. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी शेंगांचं ताट आपटून मत दिलं, "काढून टाका त्या पोराला!"

ह्यानंतर दोन शुक्रवार गेले. पोर अडूनच बसलेलं. तिसऱ्या शुक्रवारी विहीणबाई आल्या, अबाया खुंटीला लावला आणि चहात बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाल्या, "माझाही करार आलाय." इस्पितळात नवे व्यवस्थापक आले होते. त्यांनी वॉर्डाच्या प्रमुखपदावरून ह्यांना खालच्या जागेवर घातलं होतं, आणि शिवाय रात्रपाळी. "मी सांगितलं, हुद्दा आहे तोच हवा आणि दिवसपाळी हवी. नाहीतर सही करणार नाही."

इथे नोकरी गेली की इकामा जातो, आणि इकामा गेला की माणूस जातो, हे बिस्किटालाही माहीत होतं. मग जे झालं ते ऐका. 'अडून बसायला पाहिजे' म्हणणारा माझा मुलगा चटकन म्हणाला, "मावशी, सही करून टाका. ह्या वयात कशाला?" आणि मालकांचे कैवारी परकारभाई ताडकन उभे राहिले. "अजिबात सही करू नका, ताई! समजतात काय ते लोक?"

विहीणबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बोला. इथे रुसण्याचा अनुभव फक्त तुम्हाला आहे."

मी खरं तर हो म्हणणार होते; करा सही, म्हणणार होते. पण मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि सभा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "रुसायचं तर मांडवातच बसून रुसायचं. घरी निघून गेलं की लोक जेवून घेतात." त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की मला माझाच अभिमान वाटला. पुढे सहीविना त्या रोज वेळेवर वॉर्डात गेल्या, कडक इस्त्रीच्या गणवेशात. मी रोज संध्याकाळी जिन्यात उभी राहून विचारायची, "आले का समजूत काढायला?" त्या मान हलवायच्या, "नुसता चहा पाठवला."

मोसम सुरू व्हायच्या तोंडावर त्या पोराच्या मालकांनी नमतं घेतलं. पोराला हवं होतं ते मिळालं. विहीणबाईंनी इमारतभर शिरा वाटला. त्याच आठवड्यात इस्पितळातल्या कोणा साहेबानं त्यांना बोलावलं आणि खुर्चीवरून न उठता सांगितलं, "खलास, सिस्टर. नव्या मुली भरपूर मिळतात." त्यांनी बिनसहीचा करार त्याच्या टेबलावर नीट ठेवला आणि वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांचे पाय एकदा तपासून घरी आल्या.

मुलानं खूप सांगितलं. "मावशी, मी बोलावतो तुम्हाला, माझ्या नावावर राहा." त्या म्हणाल्या, "बाबा रे, एवढी वर्षं ह्या देशात माझ्या नावावर राहिले. आता पाहुणी म्हणून येईन, पुरणपोळी खाईन, जाईन. जावयाच्या कागदावर राहायला नको." सूनबाई आत जाऊन रडली. मी आत गेले नाही. मला एकदम चकल्या करायच्या होत्या, आणि घरात भाजणी नव्हती.

दम्मामच्या विमानतळावर सगळ्यांना त्यांनी पोटाशी धरलं. माझ्याजवळ आल्या, वरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "चपला बदला. टाच झिजलीय." बस, एवढंच. मी काहीतरी मोलाचं बोलायचं म्हणून घरून ठरवून आले होते. मी म्हटलं, "लोणच्याची बरणी सरळ ठेवा."

आता सगळं मला हवं होतं तसं आहे. रेवा बातम्या मलाच सांगते. सोफा मोकळा असतो. आमचे हे मागच्या आठवड्यात माझ्या एका विनोदावर हसले. बहुधा दया आली असेल. खुंटीकडे मी बघत नाही.

विहीणबाई नाशिकला भावाकडे असतात. तिथल्या टीव्हीवर मालिका चालतात, तो खेळ कोणी बघत नाही. म्हणून रविवारी आमच्या भाकरीच्या वेळेला त्यांचा व्हिडिओ कॉल येतो, आणि मी पिठाचे हात पुसून फोन टीव्हीसमोर धरून उभी राहते. मुलानं स्टँड आणून दिलाय, पण स्टँडला काय कळतं कुठे धरायचं? "जरा वर घ्या. जाहिरात नको, आमचा मुलगा दाखवा," असं चाललेलं असतं. हात भरून येतो. परवा तो पोटाशी चेंडू धरून त्या गर्दीत घुसला आणि चारपाच जण त्याच्यावर कोसळले. बाकीचे उठले. नेमकं तेव्हाच नेटवर्क अडकलं. फोनमध्ये विहीणबाईंचा चेहरा तोंड उघडं असतानाच थांबला, फक्त आवाज येत राहिला.

"काय झालं? चित्र थांबलं इथे. पडला ना तो? उठला का गं?"

इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना अहो-जाहोच करत आलो. टीव्हीवर तो अजून एका गुडघ्यावर होता, हात जमिनीला टेकलेला, दोघं वाकून त्याला काहीतरी विचारत होते. रेवानं माझा दंड घट्ट धरला.

"उठला गं," मी म्हटलं, आणि फोन तसाच उंच धरून तो उठायची वाट बघत राहिले.