मामांच्या फोटोला हार

मी पदवीधर झालो तो माझ्या मामांमुळे. फौजेत असताना गोळीबारातून जखमी सोबत्याला पाठीवर आणलं म्हणून त्यांना शौर्यपदक मिळालं होतं. पुढे सुरतेजवळ उधन्याच्या मिलमध्ये पहारेकरी होऊन त्यांनी मला शिकवलं. मी सुरतेतल्या मराठी शाळेत शिक्षक झालो आणि प्रजासत्ताक दिनी त्यांचा सत्कार ठरवला. त्यांनी सुट्टी मागितली, तर शेठ म्हणाले, "जमादार, आमचंही झेंडावंदन आहे. तुम्ही गेलात तर पाहुण्यांना फाटकावर काय दाखवू?"

मग मी खुर्चीवर त्यांचा फोटो ठेवला. मुलांनी हार घातला. हेडमास्तर गहिवरून म्हणाले, "दोन मिनिटं शांत उभे राहू या." मामा जिवंत आहेत, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

त्याच दिवशी पत्र टाकलं: "मामा, सत्कार उत्तम झाला. कुणी मामींना भेटायला आलं, तर दार तुम्हीच उघडा."