वृंदावन मी धुतलं

"तिनं वृंदावनाला हात लावला?"

काकूंनी एवढंच विचारलं. व्हिडिओ कॉल चालू. तिकडे कॅनडात सकाळ, इकडे रोह्याजवळ वरसे गावात त्यांच्या अंगणात दिवेलागण. आणि कॅमेरा मीच फिरवला होता. मला वाटलं खूश होतील. "बघा काकू, मावशींनी दिवा लावलाय," मी म्हणाले.

मावशी खराटा घेऊन तिथंच उभी होती. ती मावशी माझी आय.

थांबा, नीट सांगते. काका-काकू रिटायर झालेत, पोराजवळ तिकडेच राहतात. इकडचा बंगला बंद. पण बंद घर अंधारात ठेवू नये, म्हणून रोज तुळशीपाशी दिवा लावायचा आणि फोनवर दाखवायचा. ते काम माझं. आय झाडलोट करायची. मी रोह्यात झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते, बोलते बरी, जीन्स घालते. काकूंनी माझं आडनाव कधी विचारलंच नाय. आयचं पयल्याच दिवशी विचारलं होतं. मी बाजूलाच होते. ही माझी आय, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मावशी म्हणाले. आयनं माझ्याकडं बघितलं. मग तेच चालू राहिलं.

त्या दिवशी मला दुकानात उशीर झाला. अंधार नको म्हणून तिनं वात लावली. बस.

"पाणी टाक आधी. सगळं धू. मला दाखव," काकू म्हणाल्या.

मी धुतलं. एका हातात फोन, एका हातात बादली. आयनं लावलेला दिवा विझला तो माझ्या पाण्यानं. मग मी नवी वात लावली. काकूंनी तिकडून हात जोडले.

त्यानंतर आय वृंदावनापासून लांबूनच झाडायची. तेवढा तुकडा सोडून. तो मी झाडायचे. घरी भात वाढायची, मी खायचे.

काकांचं टायपिंगपण मीच करायचे. तिकडं त्यांच्या म्हाताऱ्यांचा मराठी ग्रुप हाय, काका बोलून पाठवायचे आणि मी फटाफट टाइप करून द्यायचे. बँक जिवंत असल्याचा दाखला मागते. पोराला सुट्टी मिळाल्याशिवाय डॉक्टरकडं जाता येत नाय. तिकडचं नागरिकत्व घेतलं म्हणून इकडचं मत गेलं, आणि तिकडचे पुढारी फक्त इलेक्शनला नमस्ते करतात. असलं सगळं. मला काकांची खरंच दया यायची.

मग एकदा काकांनी असंच बोलून पाठवलं. तिकडच्या सिनियर लोकांच्या हॉलमधे काकू चहा प्यायल्या, कप ठेवला. तिथल्या बाईनं तो दोन बोटांनी उचलला आणि सगळ्यांसमोर कचऱ्यात टाकला. काका म्हणाले, "कप फुटका नव्हता गं, बाळ. हे लिही. कडक लिही. माणूस म्हणून आमचा अपमान आहे हा."

मी टाइप करता करता रडले. दुकानात, गिऱ्हाइकासमोर. आणि एकदम बोटं थांबली. काकूंच्या कपासाठी रडतेय मी. आयसाठी रडले होते का?

नाय.

संध्याकाळी आयला म्हटलं, आज तू लाव दिवा. ती म्हणाली, "कशाला गो? परत धुवायला?"

मी तिचा हात धरला, वृंदावनापाशी नेलं आणि कॉल लावला. दोघंही होते. काकांनी विचारलं, लिहिलंस का. मी म्हटलं, लिहिलंय, पाठवते. पण आधी ऐका. ही मावशी नाय. ही माझी आय हाय.

काकांनी चष्मा काढला. काकू फोनच्या एकदम जवळ आल्या. "म्हणजे इतके दिवस तो दिवा... तू?"

"व्हय. मीच."

मी काकांच्या बोलण्याची वाट बघितली. कपाबद्दल एवढं बोलणारा माणूस, काहीतरी बोलेल. काकूच म्हणाल्या, "कपाचं वेगळं आहे. तुला नाही कळायचं."

मी फोन ठेवला. कपाचं लिहिलेलं जसंच्या तसं पाठवून दिलं. एक अक्षर बदललं नाय, कारण खरं होतं ते. दुसऱ्या दिवशी एसटीनं पेणला गेले, रामवाडीत त्यांच्या पुतण्याकडं चावी दिली. दोघींचं काम गेलं. आय आता दुसरीकडं कामं शोधतेय.

आयची माफी मागितली नाय अजून. मागितली तर ती लगेच म्हणेल, असू दे गो. आणि मी सुटेन. मला असं सुटायचं नाय. काकूंनी नुसतं सांगितलं, पाणी माझ्या हातानं पडलं. आणि मावशी म्हणायला तर मला कोणी सांगितलंपण नव्हतं.

आता जिथं काम मागायला जाते तिथं आयला पुढं घेऊन जाते. आधी तिचं नाव सांगते, मग आडनाव, मग माझं. काल एका घराचं दार तेवढ्यावरच बंद झालं.

आज दुसऱ्या घरी जाणार. तसंच सांगणार.