फौजदाराचा उजवा गुडघा

चार डॉक्टर एका ठिकाणी बसले की पाचव्या मिनिटाला किस्से सुरू होतात. घरच्यांना ते ऐकवत नाहीत, म्हणून मग साठतच जातात. माझ्याकडे तर ट्रंकभर साठलेत! पण साठ सालच्या आसपास जयपुरात आम्ही शिकलेसवरलेले डॉक्टर एका कुत्र्याच्या गुडघ्यावरून दोन महिने डोकं खाजवत बसलो होतो, ते आधी ऐका.

कुत्रा सुमनवहिनींचा. त्यांचे यजमान फौजेत मेजर, तेव्हा सरहद्दीकडे, जिथे बायकामुलांना नेता येत नाही अशा ठिकाणी. खातीपुऱ्याच्या बंगल्यात मागे राहिल्या वहिनी आणि चार शेर वजनाचा पांढरा पॉमेरेनियन. मेजरसाहेबांनी त्याचं नाव ठेवलं होतं फौजदार! दर रविवारी आम्ही मराठी डॉक्टर वहिनींच्या आमटीभातावर तुटून पडायचो, तेव्हा हा आमच्या पायांत लुडबुडत असायचा.

संध्याकाळी रस्त्यावर जीप वाजली की मेजर आले असं समजून तो फाटकापर्यंत सुसाट धावायचा. एकदा धावता धावता त्याचा मागचा उजवा पाय वर गेला. आधी तीन उड्यांनंतर पाय खाली यायचा, पुढे पुढे येईचना. अर्ध्या वाटेत बसायचा आणि फाटकाकडे नुसता बघत राहायचा. वहिनींचे डोळे भरून यायचे.

* * *

आमच्यात हाडांचे सर्जन होते डॉ. बर्वे. पुण्याचे, हात सोन्याचा आणि जीभ तिखट. त्यांनी फौजदाराचा गुडघा दोन बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "वाटी सरकतेय. फोटो काढा."

फोटोसाठी वहिनी शहरातल्या एका एक्सरेवाल्याकडे टोपली घेऊन गेल्या. तिथल्या कंपाउंडरने नाव विचारलं, वहिनींनी सांगितलं, त्याने लिहून घेतलं. थोड्या वेळाने त्याने पुकारा केला, "फौजदारजी, अंदर आइए!" बाकावरचे सगळे अदबीने उठून उभे राहिले. एका म्हाताऱ्याने तर पागोटं सावरून रामराम घातला. टोपलीतून फौजदारजींनी जांभई दिली.

* * *

मग आले कॅप्टन राठौड, फौजेतले घोड्यांचे डॉक्टर. सहा फूट उंच, एकेक बोट केळ्याएवढं. त्यांनी फौजदाराला तळहातावर घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "भाभीजी, घोड़ा होता तो खड़े-खड़े कर देता. इसका तो पहले घुटना ढूँढना पड़ेगा!"

पण ऑपरेशनला बर्वे चाकू धरणार असतील तर जागा आणि हत्यारं आपली, असं त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं. भला माणूस.

* * *

आता गंमत बघा. माणसाचं हाड मोडलं तर बर्वे एका मिनिटात निकाल द्यायचे. नातेवाईक कां-कूं करायला लागले की म्हणायचे, "पाय तुमचा की माझा? मग झोपा!" आणि ह्या चार शेरांच्या जिवापुढे गाडी अडली. एका रविवारी म्हणायचे करू, पुढच्या रविवारी म्हणायचे राहू दे.

मी शेवटी विचारलं, "सर, एवढं काय?"

"अगं, माणसाला सांगता येतं, महिनाभर हलू नकोस म्हणून. ह्याला कोण सांगणार? आणि पाय गेला तर तो मला शिव्यासुद्धा देणार नाही."

त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

* * *

वहिनींनी मेजरसाहेबांना पत्र घातलं. ह्या बाई साडीसुद्धा नवऱ्याला विचारून घेणाऱ्या! तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ते त्यांनी आमच्यासमोरच फोडलं. चार पानं नुसती फौजदाराची चौकशी, आणि शेवटी एक ओळ: तू रोज बघतेस त्याला, तूच ठरव.

वहिनींनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग पत्राची घडी घालत म्हणाल्या, "करा. हे येतील तेव्हा तो फाटकापर्यंत पोचला पाहिजे."

* * *

ऑपरेशनच्या दिवशी वहिनींनी फौजदाराला उजव्या पायाला लाल रिबीन बांधून पाठवलं. म्हणाल्या, "चुकून दुसरा नको हं, डॉक्टर." बर्वे असे लाल झाले की रिबीन फिकी पडावी.

भूल द्यायचं काम माझं. माणसांचा मास्क ठेवला तर फौजदार सगळाच झाकला जाई! शेवटी वहिनींच्या घरून चहाचं गाळणं मागवलं, त्यावर गॉज ताणला आणि थेंबथेंब ईथर सोडलं. टेबल घोड्यांचं, मधोमध मूठभर पेशंट. तासभर मी त्याचा श्वास मोजत होते.

पुढे कित्येक रविवार वहिनींकडचा चहा आम्ही वास घेऊनच प्यायलो. त्या शपथेवर सांगायच्या, गाळणं नवं आणलंय म्हणून.

* * *

टाके काढले, जखम छान भरली. पण पाय काही खाली येईना! बर्वे रोज सायकल मारत खातीपुऱ्याला यायचे, अपराध्यासारखे खिशात कलाकंदाची पुडी घेऊन. पुडी वाजली की फौजदार तीन पायांवर लंगडत यायचा, उजवा पाय वर, डोळ्यांत सगळ्या जगाचं दुःख. बर्वे त्याला भरवत, पाय कुरवाळत आणि मान खाली घालून परत जात.

वहिनी म्हणायच्या, "अहो, आत्ता तर चालत होता." बर्वेंना वाटायचं, बाई आपली समजूत घालतेय. मला म्हणाले, "मी घालवला गं त्याचा पाय. मेजरला तोंड कसं दाखवू?"

* * *

आणि एका रविवारी मेजरसाहेब रजेवर आले. आम्ही सगळे व्हरांड्यात बसलेलो. बर्वे एका कोपऱ्यात, खिशातली पुडी कुरवाळत. फाटकापाशी जीप थांबली.

फौजदार वहिनींच्या मांडीवरून उसळला. पायऱ्या उतरला, हिरवळीवरचा मोर उडवून लावला आणि धूम पळत सुटला ते थेट मेजरांच्या बुटांवर! मेजरांनी त्याला उचललं. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

बर्वे उभे राहिले. "चार," ते म्हणाले. "चारही पायांवर धावला. पाहिलंत ना तुम्ही?" रुमाल काढायला त्यांनी खिशात हात घातला आणि पुडी वाजली.

मेजरांच्या हातातून फौजदाराने खाली उडी मारली. दोन पावलं आला, बर्वेंना पाहून जागच्या जागी थबकला. तोंड अगदी केविलवाणं केलं आणि हळूच मागचा पाय वर उचलला.

डावा.