पासाबिगर आत न्हाई

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना फसवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचाय, असं संत तुकाराम नगरात कुणीही छातीठोकपणे सांगेल. मूळचे मावळातले हे काका चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर उभी हयात सिक्युरिटीत होते. पास विसरलेल्या खुद्द मोठ्या साहेबांना त्यांनी भर उन्हात ताटकळत ठेवलं आणि साहेबांनी नंतर त्यांची पाठ थोपटली, असं ते सांगतात. पाठ थोपटल्याचा भाग मला पटत नाही. निवृत्तीनंतर गेट सुटलं, म्हणून त्यांनी मोबाइललाच गेट केलं. आलेली लिंक ते उघडत नाहीत, ओटीपी स्वतःलासुद्धा मोठ्यानं वाचून दाखवत नाहीत. एकदा कुणा तोतया पोलिसाचा व्हिडिओ कॉल आला, तुम्हाला डिजिटल अटक झाली म्हणून. काकांनी शांतपणे वही ओढली. "नाव? गाव? कुणाला भेटायचंय? सोबत काय सामान?" तो गुरगुरत राहिला, काका लिहीत राहिले. "सही राहिली तुमची, सायेब," म्हणेपर्यंत त्यानंच फोन ठेवला.

हल्ली आवाजाची नक्कल करून लुबाडतात, हे ऐकल्यावर काकांनी परवलीचा शब्द काढला. शिफ्ट बदलावी तसा तो दर सोमवारी बदलायचा. काकू गेल्यापासून घरात ते एकटेच, तेव्हा शब्द होता तो जर्मनीतल्या मुलासाठी. त्यानं रविवारी फोनवर 'शेपू' म्हणावं, मग त्याला पुढच्या आठवड्याचा 'दोडका' मिळावा. व्यवस्था चोख होती. एक रविवार चुकला तर पुढचा शब्द कळायची सोयच नव्हती, एवढंच. तो रविवार चुकलाच. पुढच्या खेपेला मुलगा "बाबा, मीच आहे हो" म्हणून काकुळतीला आला.

"आवाज कुणीबी काढतंय. पासाबिगर आत न्हाई."

"घरात येतोय मी, माल घेऊन नाही आलो!" म्हणत त्यानं फोन आपटला. त्याला पाच महिने झाले. मेसेजवर 'शुभ सकाळ' तेवढी येते आणि काका दिवसभर फोन हातातून खाली ठेवत नाहीत. तुम्हीच लावा की, असं मी सुचवून पाहिलं. म्हणाले, "गेटवाला कधी भाईर जाऊन मानसं बोलावतो का, राव?"

गेल्या आठवड्यात ते आपणहून वर आले. फोन आला होता म्हणाले, अगदी मुलाच्याच आवाजात. पासपोर्ट हरवलाय, ताबडतोब पैसे पाठवा, आईला काही सांगू नका.

"तिथंच कळलं मला, ह्यो आपला न्हाई."

"मग ठेवलात फोन?"

"न्हाई. म्हटलं, बोल. थंडी लई हाय का, जेवतो का येळेवर. त्योबी सांगत बसला."

"आणि शब्द? तो नाही विचारलात?"

"इचारला असता तर ठिवला असता ना त्यानं."

मला जर्मनीतल्या त्या मुलाचा राग आला, काकांचाही आला. मी त्याचा नंबर लावून देतो, म्हणालो. काका नको म्हणाले नाहीत; जर्मनीत आत्ता किती वाजले असतील, एवढंच त्यांनी विचारलं.