सौनात चढलेला आवाज

आमचा एन्सिओ रागावला की आधी कान तांबडे व्हायचे, मग जीभ सुटायची. माझा मेहुणा तो. सालो गावच्या कारखान्यात मोबाइलचे नमुने घडवायचा. बटणं अशी बसवायचा की न बघता अंगठा बरोबर जागी जावा. त्याला कारण होतं. घरी त्याची आई, राउहा, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. जुना फोन चाचपून लेकाला बोलवायची आणि तो फोनही आता मरायला टेकला होता.

अशात कालेर्वो साहेब म्हणून आला. म्हणे, आकडे गोलात मांडा, पाकळ्यांसारखे, काचेसारखे गुळगुळीत.

"फूल आहे का फोन?" एन्सिओ कडाडला. "माझ्या आईनं वास घेऊन नंबर लावायचा का?"

आमच्याकडे असली भांडणं टेबलावर मिटत नाहीत, सौनात, वाफेच्या खोलीत मिटतात. कपड्यांबरोबर हुद्दाही खुंटीला टांगायचा आणि वाफेत बसायचं. तळ्याकाठच्या त्या सौनाची भट्टी मी पेटवायचो, म्हणून सगळं डोळ्यांदेखत घडलं.

बाहेरच्या खोलीत कारखान्याच्या सगळ्या मंडळींसमोर कालेर्वोनं चष्मा काढला आणि एन्सिओनं तो फुलाचा फोन त्याच्या ओल्या हातात कोंबला. "लाव बायकोला!"

लावला. पलीकडून कुणी म्हातारा खेकसला, "कोण रे तू?" आम्ही पोट धरून हसलो. कालेर्वोही हसला. "बघू, सरळ रांगा करू," असंही पुटपुटला.

तिथंच थांबावं की नाही? पण आत वाफेत बसल्यावर एन्सिओचे कान पेटले. पळी बादलीवर आपटून ओरडला, "डोळे असलेल्या गाढवांनो! शोभेसाठी माणसं मुकी करता!"

सौनात आवाज चढवणं म्हणजे आमच्यात गाभाऱ्यात शिवी देणं. एकेक जण पंचा घेऊन उठला. सोमवारी फूल मंजूर झालं. बटणांचं कुणी नावही काढेना, जो तो म्हणे, "सौनात ओरडला म्हणे!"

जुना फोन मेला, तेव्हा राउहाच्या हातात तेच फूल आलं. बोट फिरवून म्हणाली, "गुळगुळीत आहे रे. पण हाक कुठून मारू?"

एन्सिओनं दातओठ खात डिंकासारखी राळ घेतली आणि प्रत्येक आकड्यावर थेंब टाकला. एकावर एक, दोनावर दोन. फुलाला देवी आल्यागत पुळ्या उठल्या.

"विद्रूप केलास की!" मी म्हणालो.

"तू गप रे!"

राळ वाळली. राउहाची बोटं हळूहळू फिरली आणि एन्सिओच्या खिशात फोन वाजला. समोरच बसलेल्या आईवर तो फोनमधूनच खेकसला, "काय आहे?"

"काही नाही," ती म्हणाली. "लागला."