डालड्याच्या डब्यातली खरपुडी

वनस्पतिशास्त्राच्या विभागात दोन गोष्टी साठत जातात, रद्दी आणि किस्से. झाडं दाबून वाळवायला जुने पेपर लागतात म्हणून रद्दी कुणी विकत नाही, आणि किस्से विकत घेणार कोण? अहमदपूरच्या कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होतो, तेव्हाचे हे. बहुतेक आमच्या हेडचे, बिरादार सरांचे.

सरांना एकच ध्यास होता, खरपुडीचं फूल! खरपुडी म्हणजे माळावरचा नाजूक वेल. कांदा जमिनीखाली वर्षानुवर्षं जगतो, पावसाळ्यात वेल वर येतो आणि पुढे वाळून जातो. पानांवरून त्याची जात नक्की सांगता येत नाही. एका वेलाची पानं गोल, तर दुसऱ्याची लांबुडकी. फूलच पाहिजे. आणि सरांनी ते आयुष्यात पाहिलं नव्हतं.

* * *

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. माळावर शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीला सरांनी वेल दाखवून विचारलं, "आजी, ह्याला फूल कसं येतं?"

"फुलापस्तोर कोण ठिवतंय, बाबा? त्या साली वेल दिसला की कांदा उकरून खाल्ला."

म्हातारीने खुरप्याने तोच वेल उकरला, कांदा पदराला पुसला आणि सरांच्या हातावर ठेवला. "घे, खा. गोड लागतोय."

एसटीत सरांनी तो रुमालात बांधून मुठीत धरला होता. मला कडकडून भूक लागलेली, पण मागायचा धीर झाला नाही.

* * *

कांदा डालड्याच्या डब्यात लावला, डबा लॅबच्या खिडकीत. पहिल्या उन्हाळ्यात वेल वाळला तेव्हा आमच्या शिपाई गंगाराममामांनी मेला समजून डबा उकिरड्यावर उपडा केला आणि त्यात गुलाब लावला! सर दुपारच्या उन्हात गुडघ्यावर बसून माती चाळत होते. कांदा सापडला.

"मामा, मेला नाही तो. झोपलाय."

तेव्हापासून लॅबमध्ये कुणी स्टूल ओढलं तरी मामा दबक्या आवाजात दटावायचे, "हळू. सरांचा कांदा झोपून राहिलाय."

* * *

लातूर जिल्हा झाला. गावात मिरवणूक निघाली आणि आमच्या डोक्याला ताप झाला. वाळवलेल्या प्रत्येक नमुन्याच्या लेबलवर 'जिल्हा उस्मानाबाद'! सर, मी आणि मामा आठवडाभर पट्ट्या चिकटवत बसलो. खरपुडीचा कागद आला. नुसती पानं, नावाची जागा कोरी. मी पट्टीला डिंक लावला.

सर म्हणाले, "राहू दे. आधी नाव, मग जिल्हा."

* * *

एकदा सर पेपर तपासायला नांदेडला गेले, तेव्हा डबा घरी त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या हवाली होता. चौथ्या दिवशी सरांना तिकडे काकूंचं पोस्टकार्ड आलं. "वेलाला कळी आली होती. शेजारच्या शेळीने खाल्ली. बाकी सर्व क्षेम."

सरांनी ते कार्ड वहीत जपून ठेवलं. माझ्या माहितीत खरपुडीच्या कळीची ती एकमेव लेखी नोंद.

* * *

सरांना काचबिंदू झाला. नजर कडेकडेने गेली, मग सगळीच. रिटायर होऊन ते नांदेडला विष्णुपुरीजवळ मुलाकडे राहायला गेले, आणि डबा माझ्याकडे ठेवून गेले.

त्या श्रावणात फूल आलं.

सकाळच्याच गाडीने डबा मांडीवर घेऊन निघालो. लोक कौतुकाने फुलाकडे बघत होते आणि मला वाईट वाटत होतं. इतकी वर्षं थांबून ते यायचं, ते असं उशिरा यावं!

सरांनी डबा मांडीवर घेतला. फुलाला हात लावला नाही. काकूंना म्हणाले, "बघ आणि सांग."

काकू चष्मा पुसून वाकल्या. "खाली फुगीर हाय, तांब्यावाणी. वर बारीक नळी. शेंड्याला पाच पाकळ्या हायेत, पर सुट्ट्या न्हाईत. टोकाला एकमेकीला धरून हायेत."

"आत केस?"

"हायेत. अन् एक चिलट अडकलंय."

"उद्या केस वाळतील, मग सुटेल ते. रंग?"

"नळी हिरवट पांढरी. पाकळ्या जांभळ्या, काळपट. माझ्या लग्नातल्या इरकलीचा काठ होता की न्हाई, तशा."

सरांनी एकेक अक्षर सांगितलं, "सेरोपेजिया बल्बोसा. लिहून घे." मी लिहून घेतलं.

"सर, पटली ओळख."

"पटली."

फूल कापून दाबायला मी पिशवीतून ब्लेड आणि जुने पेपर काढले. सरांनी डब्यावर आडवा हात धरला आणि काकूंकडे तोंड वळवलं.

"रंगाचं पुन्हा सांग."